आपल्याच अंगाला नाव का नाही?

भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी बनविणारे गाळे आहेत. त्या गाळ्यांत भांडी पुसून-बांधून देणाऱ्या, सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करणाऱ्या आणि पहाटेच्या लोकलने मुंबईला साफसफाईच्या कामाला जाणाऱ्या आमच्या कितीतरी भगिनी तिथल्या वस्त्यांत राहतात. सावित्रीमाईंच्या जयंतीनिमित्त अशाच एका वस्तीतल्या विहारात महिलांची बैठक होती. विषय होता स्त्रियांचे आरोग्य. त्रिशरण-पंचशील झाल्यावर मी उठले आणि भाषण न करता एकच प्रश्न विचारला, "बायांनो, लघवी जिथून होते तिथूनच पाळी येते का?"

आधी सगळीकडे हसू पिकले. पदर तोंडाला गेले. मग समोर बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "अगं, जागा एकच तर हाय! दुसरी कुठून असंल?" आजींना पाच लेकरे झालेली. बहुतेक बायांनी माना डोलावल्या. कोपऱ्यात बसलेली नववीतली एक मुलगी तेवढी मान आडवी हलवीत होती. पण मोठ्या बायांसमोर बोलायची तिची हिंमत झाली नाही.

या अडाणी बाया नव्हेत, हे लक्षात घ्या. त्यांना बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत. जातीच्या दाखल्यासाठी कोणते कागद लागतात, रेशन दुकानदार मापात कसा मारतो, मतदारयादीतले नाव कुठे तपासायचे, हे त्यांना ठाऊक आहे. फक्त स्वतःचे अंग त्यांना ठाऊक नाही. दोष त्यांचा आहे का? मुळीच नाही! ज्यांनी हजारो वर्षे आम्हाला अक्षर शिकू दिले नाही, त्यांनीच स्त्रीला तिचे शरीरही शिकू दिले नाही.

आपल्या भाषेचेच बघा. रस्त्यावर दोन माणसे भांडली की आईबहिणीच्या याच अंगावरून शिव्यांची लाखोली सुरू होते. देवळात गेलात तर 'योनी' हा शब्द पूजेच्या साहित्यात सापडतो. म्हणजे या अंगाला शिवीत नाव आहे, पोथीत नाव आहे. पण आईने लेकीला सांगावे, लेकीने डॉक्टरला सांगावे, असे रोजच्या बोलण्यातले साधे नाव मात्र नाही! तिथे आपण 'खालची जागा', 'शूची जागा', 'ते' असे म्हणून वेळ मारून नेतो. ज्या गोष्टीला नाव नाही, तिच्याबद्दल तक्रार कशी करणार?

अज्ञान जीव घेते

कुणी म्हणेल, नाव माहीत नसले म्हणून काय बिघडले? आमच्या आज्या-पणज्यांचे संसार झालेच ना! त्यांच्यासाठी आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या तीन घटना सांगते.

मे २०२३. उल्हासनगर. बारा वर्षांच्या एका मुलीला पहिली पाळी आली. कपड्यांवर रक्ताचे डाग दिसले. थोरल्या भावाने त्याचा अर्थ लावला की, हिचे कुणाशी तरी संबंध आले आहेत. त्याने तिला मारझोड केली, चटके दिले. त्यात ती पोर मेली. पहिली पाळी म्हणजे काय हे त्या घरात वेळेवर कुणी सांगितले असते, तर ती मुलगी आज जिवंत असती.

ऑगस्ट २०२४. बदलापूर. शाळेत शिशुवर्गातल्या चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला आणि सारा महाराष्ट्र पेटून उठला. एवढ्या लहान लेकराला आपल्यावर काय झाले हे सांगायचे, तर त्या अंगाचे नाव नको का?

जुलै २०२५. शहापूर. शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून पाचवी ते दहावीच्या मुलींची चौकशी झाली, काहींना कपडे उतरवायला लावून तपासण्यात आले. बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली, म्हणजे पॉक्सोखाली, गुन्हा दाखल झाला आणि मुख्याध्यापिकेला अटक झाली. पाळीचे रक्त हा जणू चोरीचा माल! आणि हे करणारी माणसे शिकलेली, पदवीधर!

म्हणजे हे अज्ञान केवळ झोपडपट्टीतले नाही. ते शिक्षणसंस्थेत आहे आणि, पुढे सांगणार आहे, न्यायालयातही होते.

बाबासाहेब या विषयासाठी कोर्टात उभे राहिले

"ताई, विहारात असले विषय कशाला?" असे बैठकीनंतर एका कार्यकर्त्या बंधूंनी मला विचारले. त्यांना मी जे सांगितले, ते इथेही सांगते.

रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले. लोक जे प्रश्न विचारायला लाजत, त्यांची उत्तरे ते या मासिकातून शास्त्राच्या आधारे देत. त्याच १९२७ साली, २५ डिसेंबरला, महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली. स्त्रीच्या शरीरावर पहारा बसविणारा ग्रंथ इकडे जळत होता आणि त्या शरीराचे ज्ञान तिकडे छापले जात होते.

सनातन्यांना हे कसे रुचणार? कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले भरण्यात आले. १९३४ चा खटला वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून होता. त्या वेळी कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून कोण उभे राहिले? बॅरिस्टर डॉ. भीमराव रामजी आंबेडकर! लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, आणि लोकांच्या शंका ज्ञानानेच दूर होतील, ही त्यांची भूमिका होती. खटला हरला. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. परंतु गोलमेज परिषद आणि पुणे करार नुकताच मागे टाकलेला समाजाचा नेता, बदनामीची पर्वा न करता या विषयासाठी कोर्टात उभा राहिला, हे आपण विसरून चाललो आहोत.

आणि तो काही एकदाचा प्रसंग नव्हता. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी गिरणी-कारखान्यांतल्या बाळंतिणींना भरपगारी रजा मिळावी म्हणून बाजू मांडली. १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली, बाबासाहेबांनी हजारो भगिनींना लग्नाची घाई करू नका आणि जास्त मुले जन्माला घालू नका असे बजावले. त्याही आधी, १८६३ साली, क्रांतिबा जोतिराव आणि सावित्रीमाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणे सावित्रीमाईंनी केली. तेव्हा स्त्रीचे शरीर हा आपल्या चळवळीचा विषय नाही, असे कुणी सांगू नये!

आता सरळ सांगते

विहारात त्या दिवशी मी फळ्यावर चित्र काढले होते. इथे चित्र नाही, म्हणून शब्दांतच सांगते. माताभगिनींनी वाचावे, लेकींना सांगावे. बंधूंनीही वाचावे, कारण अज्ञान त्यांच्याकडेही काही कमी नाही.

पहिली गोष्ट. बाहेरून जे दिसते त्या सगळ्याला आपण 'योनी' म्हणतो, ते चूक आहे. बाहेरच्या संपूर्ण भागाला 'भग' म्हणतात. योनी ही आतली नळी. ती गर्भाशयाच्या तोंडापर्यंत जाते. बाहेरून दिसते ते तिचे फक्त तोंड, म्हणजे योनीमुख.

वरून सुरुवात करू. ओटीपोटाच्या खाली, हाडावर, चरबीचा मऊ उंचवटा असतो. वयात आल्यावर त्यावर केस येतात. हे केस घाण नव्हेत. घर्षणापासून कातडीचे रक्षण करणे हे त्यांचे काम आहे.

त्याखाली दोन्ही बाजूंना कातडीच्या दोन जाड घड्या असतात. ते बाहेरचे ओठ. त्यांच्या आत दोन पातळ घड्या असतात. ते आतले ओठ. डॉक्टरी पुस्तकात यांना बृहद् भगोष्ठ आणि लघु भगोष्ठ म्हणतात, आपण ओठच म्हणू. आतले ओठ कुणाचे लहान, कुणाचे बाहेर आलेले, कुणाचा एक लांब तर दुसरा आखूड असतो. दोन माणसांचे चेहरे सारखे नसतात, तसेच हे. रंगही अंगाच्या इतर कातडीपेक्षा गडद असतो, हे नैसर्गिक आहे. २०१२ साली तर हा भाग गोरा करणाऱ्या द्रावणाची जाहिरात आपल्या देशात टीव्हीवर झळकली होती! वर्णाचे हे खूळ कुठपर्यंत पोचले बघा!

आतले ओठ वर जिथे मिळतात, तिथे कातडीच्या टोपीखाली एक छोटा दाणा असतो. ती शिश्निका. डॉक्टर तिला क्लिटोरिस म्हणतात. बाहेर दिसतो तो तिचा केवळ शेंडा. तिचे मोठे अंग आत, योनीच्या दोन्ही बाजूंनी पसरलेले असते. ही तिची खरी रचना ऑस्ट्रेलियातल्या शल्यविशारद हेलन ओकॉनेल यांनी १९९८ साली जगापुढे नीट मांडली. माणूस चंद्रावर १९६९ साली पोचला आणि स्त्रीच्या या अंगाचा पुरता नकाशा त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी आला! शिश्निकेचे काम एकच, सुखाची संवेदना. लघवीशी, पाळीशी, बाळंतपणाशी तिचा संबंध नाही. स्त्रीला सुख असते हेच ज्यांना मान्य नव्हते, त्यांनी या अंगाचे नावही पुसून टाकले.

शिश्निकेच्या खाली एक बारीक छिद्र असते. ते लघवीचे. त्याच्या खाली योनीमुख. पाळीचे रक्त येते ते इथून, आणि मूल बाहेर येते तेही इथूनच. योनीमुखाच्या दोन्ही बाजूंना वाटाण्याएवढ्या बार्थोलिन ग्रंथी असतात, त्या ओलावा देतात. त्यांचे तोंड बंद झाले तर तिथे गाठ येते. ती लपवू नये, दाखवावी. सर्वांत मागे गुदद्वार. योनीमुख आणि गुदद्वार यांच्या मधली जागा बाळंतपणात ताणली जाते. कधी ती फाटते, कधी तिथे टाके घालावे लागतात.

तर आजीबाई, जागा एक नाही. लघवीची वेगळी, पाळीची वेगळी, शौचाची वेगळी. तीन वाटा आहेत.

आणखी एक सांगते. आईच्या पोटात पहिले काही आठवडे मुलगा असो की मुलगी, बाहेरची अंगे सारखीच दिसतात. एकाच गोळ्यातून पुढे मुलाचे शिश्न होते आणि मुलीची शिश्निका होते. ज्या घड्यांतून मुलीचे बाहेरचे ओठ होतात, त्याच घड्यांतून मुलाची अंडाची पिशवी होते. निसर्गाने सुरुवात समतेने केली. विषमता आपण आणली!

पडद्याचे थोतांड

योनीमुखाशी कातडीची एक पातळ घडी असते, योनिपटल. तिच्यावरून जेवढे अश्रू सांडले, तेवढे दुसऱ्या कशावरून सांडले नसतील. लोकांना वाटते, तो बंद पडदा आहे, पहिल्या रात्री फाटतो आणि रक्त येते. अहो, पडदा बंद असता तर मुलीची पाळी बाहेर आली असती का? त्याला जन्मतः उघडी जागा असते. त्याचा आकार प्रत्येकीचा वेगळा असतो. तो ताणला जातो. कितीतरी जणींना पहिल्या वेळी रक्त येतच नाही. पटलाकडे बघून कुठलाही डॉक्टर मुलगी 'कुमारी' आहे की नाही हे सांगू शकत नाही. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी कौमार्य चाचणीला वैद्यकीय आधार नाही, ती बंद करा, असे जाहीर केले.

तरी आपल्या महाराष्ट्रात कंजारभाट समाजात जातपंचायत नवरीची कौमार्य परीक्षा घेत आली. २०१८ साली त्याच समाजातली तरुण मुले-मुली या प्रथेविरुद्ध उभी राहिली, त्यासाठी पिंपरीत त्यांनी मारही खाल्ला. त्यांच्या धाडसाला आमचा सलाम!

पण केवळ जातपंचायतीला नावे ठेवू नका. मथुरा खटला आठवा. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंज पोलीस ठाण्यात, एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याची तक्रार झाली. वैद्यकीय तपासणीत योनिपटल जुने फाटलेले आणि योनीत दोन बोटे जातात अशी नोंद झाली. सत्र न्यायालयाने तिला संबंधांची सवय असल्याचे म्हटले आणि आरोपी सोडले. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. देशभरातल्या स्त्रिया रस्त्यावर आल्या, तेव्हा १९८३ साली कायदा बदलला. मात्र दोन बोटांची ती चाचणी पुढेही चालूच राहिली. वर्ध्याच्या सेवाग्राम वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. इंद्रजित खांडेकर हे या चाचणीला आणि अभ्यासक्रमातल्या कौमार्याच्या तथाकथित लक्षणांना शास्त्रीय आधार नाही, हे मांडत राहिले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी स्त्रीच्या खासगीपणाचा भंग करते असे म्हटले आणि ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी अशी चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे बजावले.

कातडीच्या एका घडीबद्दलचे अज्ञान आणि त्यापायी एका आदिवासी मुलीची अब्रू कोर्टात दुसऱ्यांदा लुटली गेली! शरीररचना हा निव्वळ डॉक्टरांचा विषय आहे, असे अजूनही वाटते का?

दुखणे अंगावर काढू नका

स्त्रीची लघवीची नळी जेमतेम चार सेंटिमीटर लांब असते, पुरुषाची सुमारे वीस. शिवाय तिचे तोंड गुदद्वाराजवळ. म्हणून लघवीच्या जागेला जंतुसंसर्ग बाईला लवकर होतो. शौचानंतर पुढून मागे धुवायचे, मागून पुढे नाही, एवढे साधे ज्ञान कितीतरी दुखणी टाळते. त्यातून आमच्या कष्टकरी भगिनी दिवसभर लघवी दाबून ठेवतात, पाणी पीत नाहीत. उत्तनहून मासळी घेऊन बाजारात बसणारी कोळीण असो की काशिमिऱ्याला रस्ता झाडणारी सफाई कामगार, तिने जायचे कुठे? मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' ही चळवळ स्त्रियांसाठी मोफत, स्वच्छ मुताऱ्यांची मागणी करीत आली, ती यासाठीच. पाण्यासाठी चवदार तळ्यावर लढलेला आमचा समाज आहे. मुतारी हाही हक्कच आहे!

योनी स्वतःची सफाई स्वतः करते. आत साबण, डेटॉल, लिंबू काही घालू नका. त्याने तिथले उपयोगी जंतू मरतात आणि उलट आजार होतो. बाहेरून साधे पाणी पुरे. थोडे पांढरे जाणे हे आरोग्याचे लक्षण आहे. पण खाज, आग, घाण वास, दह्यासारखे किंवा हिरवट पाणी जाऊ लागले, पाळी थांबल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, किंवा बाळंतपणानंतर 'मायांग' बाहेर येतेय असे वाटले, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली. १०० पैकी ९२ जणींना स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या १०० मध्ये फक्त ८! दुखत होते, पण बोलायला शब्द नव्हता आणि ऐकायला कुणी नव्हते.

मीरा-भाईंदर १९८५ साली नगरपरिषद झाले, २००२ साली महानगरपालिका झाले. भाईंदर पश्चिमेला पंडित भीमसेन जोशी रुग्णालय उभे आहे, महापालिकेची आरोग्य केंद्रे आहेत. पण दवाखान्यात जाऊन बाईने "पोटात दुखतंय" एवढेच सांगितले, तर डॉक्टर पोटाचीच गोळी देणार! नेमकी जागा सांगायची तर तिचे नाव ठाऊक हवे.

म्हणून माझे सांगणे एवढेच. प्रत्येक विहाराने वर्षातून एक रविवार या विषयाला द्यावा. आपल्या समाजात आज डॉक्टर मुली आहेत, परिचारिका आहेत, आशाताई आहेत. त्यांना बोलवा. भिंतीवर शरीराचे चित्र लावा. लेक नऊ-दहा वर्षांची झाली की पाळीबद्दल सांगा, पाळी यायच्या आधी सांगा. लहानग्यांना नाक, कान, डोळे शिकवताना या अंगाचेही नाव शिकवा आणि इथे कुणी हात लावला तर मोठ्याने ओरडायचे, घरी येऊन सांगायचे, हेही शिकवा. मुलग्यांनाही बसवा. उल्हासनगरच्या त्या घरात भावाला हे ज्ञान असते, तर बहीण वाचली असती.

बाबासाहेबांनी दिलेल्या तीन मंत्रांतला पहिला 'शिका' हा आहे. तो शाळेच्या पुस्तकापुरता नाही. बैठक संपल्यावर चपला घालताना त्या आजी माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "पोरी, ते चित्र मला परत एकदा दाव. नातीला सांगायचं हाय." नववीतली ती मुलगी शेजारीच उभी होती. खडू मी तिच्या हातात दिला. तिने फळ्यावर चित्र काढले, एकेक नाव मोठ्याने सांगितले, आणि या वेळी कुणीही हसले नाही.

जय भीम!